नऊ वर्षांत एकही पेपर नाही, मग मी कसला गणिती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका राज्य विद्यापीठात हे वाचक गणिताचे सहयोगी प्राध्यापक आहेत. वय ४७. पीएच.डी. कम्युटेटिव्ह अल्जिब्रा या बीजगणिताच्या शाखेतली. अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ पेपर, सगळे चांगल्या जर्नलमध्ये. मग विभागप्रमुखपद आलं, विद्यापीठाचं नॅक मूल्यांकन आलं, वडिलांचं लांबलेलं आजारपण आलं, आणि गेल्या नऊ वर्षांत एकही नवा पेपर झाला नाही. प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी एकूण दहा पेपर लागतात, त्यातले तीन मूल्यांकनाच्या काळातले. एक सहकारी सुचवतो, "सर, पैसे भरा, दोन महिन्यांत छापून येतो. माझे तसेच आलेत." दुसरीकडे परीक्षा विभागाची जबाबदारी घ्याल का, अशी वरून विचारणा झाली आहे. त्यातच एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक हुशार मुलगी केबिनमध्ये येऊन विचारून गेली, "सर, मी गणितात पीएच.डी. करू का?" त्यांना उत्तर देता आलं नाही. ते लिहितात, "गणित हा तरुणांचा खेळ आहे, असं हार्डी म्हणून गेलाय. माझं वय गेलं. मी गणिती उरलो नाही, नुसता मास्तर झालो. हे मान्य करून गप्प बसावं का?"

प्रिय सर,

तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आहे. सहा फुलस्केप पानं, समास सोडून. पाचव्या पानावर तुम्ही तुमचा तो जुना अडलेला प्रश्न सांगायला घेतलात, तीन ओळी लिहिल्यात, त्या खोडल्यात आणि पुढे "असो" लिहून परीक्षा विभागाकडे वळलात. त्या तीन ओळींकडे मी शेवटी येते.

आधी हार्डी, तो इंग्रज गणिती. त्याचं हे वाक्य आपल्याकडे गणिताच्या प्रत्येक विभागात कुणी ना कुणी ऐकवतंच, बहुधा चहाच्या वेळी आणि बहुधा स्वतःबद्दल. पण ते लिहिलं कधी? १९४० साली. हार्डीची साठी उलटलेली होती, आदल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, बाहेर युद्ध पेटलेलं होतं. आपल्या हातून आता नवं गणित होणार नाही, या दुःखात बुडालेल्या माणसाचं ते वाक्य आहे. त्याला सिद्धांत मानून तुम्ही स्वतःवर लावलंत. प्रूफ न मागता! विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तुम्ही त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं.

प्रतिउदाहरणं तुम्हाला ठाऊक असणारच. रॉजे आपेरी या फ्रेंच प्राध्यापकाने १९७८ साली झीटा(३), म्हणजे १ + १/८ + १/२७ अशी घनांच्या व्यस्तांची अनंत बेरीज, अपरिमेय आहे हे सिद्ध केलं तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. यितांग झांग या गणितीची गोष्ट तर तुमच्या विषयाला खेटून जाते. त्याने पर्ड्यू विद्यापीठात, म्हणजे आपले बीजगणिती श्रीराम अभ्यंकर यांच्या विद्यापीठात, बहुपदींबद्दलच्या जॅकोबियन कंजेक्चरवर (अटकळीवर) काम करून १९९१ साली पीएच.डी. घेतली. पुढे बरीच वर्षं त्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. त्याने सँडविचच्या दुकानात काम केलं, हिशेब लिहिले. मग न्यू हॅम्पशायर विद्यापीठात लेक्चरर झाला, आणि २०१३ साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्याने दाखवून दिलं की एकमेकींपासून ७ कोटींपेक्षा कमी अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. त्याआधी त्याच्या नावावर छापून आलेलं काम नगण्य होतं. आपल्याकडच्या बढतीच्या अर्जात हा माणूस पहिल्याच रकान्यात नापास झाला असता.

पण या गोष्टी सांगून तुमची समजूत घालावी, असं मला वाटत नाही. एखाद्याला लॉटरी लागली म्हणून दुसऱ्याने तिकीट काढावं, असा तो सल्ला होईल. तुम्ही झांग होणार नाही, मीही झाले नाही. त्याच्या गोष्टीत मला दिसतं ते एवढंच की हिशेब लिहितानाही त्या माणसाच्या डोक्यातून प्रश्न गेला नव्हता. आणि तुमच्याही गेलेला नाही. गेला असता तर तीन ओळी लिहून खोडल्या नसत्या.

मग गेलं काय? तुम्ही वय म्हणता. तुमच्याच पत्रातला आठवडा मी कागदावर मांडून पाहिला. सहयोगी प्राध्यापकाला नियमाने आठवड्याला १४ तास शिकवायचं असतं. तुमच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे तुम्ही १९ तास घेता. त्यावर विभागप्रमुखाची कामं, अभ्यास मंडळ, नव्या शैक्षणिक धोरणानुसार बदललेला अभ्यासक्रम, पेपर सेटिंग, कॅपमधली (केंद्रीय मूल्यांकन केंद्रातली) उत्तरपत्रिका तपासणी, आणि "आज सायंकाळपर्यंत माहिती सादर करावी" अशी रोजची परिपत्रकं. बारा-पंधरा तास उरतात म्हणता. उरत असतीलही, पण वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. तुमच्या विषयातले आयडियल आणि मॉड्यूल वीस मिनिटांत डोक्यात उभेसुद्धा राहत नाहीत. तुमचं डोकं आटलेलं नाही सर, सलग वेळ आटलाय.

आता थोडं टोचणारं बोलते. स्वतःबद्दलच बोलते, म्हणजे तुम्हाला राग येणार नाही. मी विभागप्रमुख होते त्या सहा वर्षांत माझाही एक पेपर झाला नाही. सगळ्यांना मी सांगत असे की कामातून डोकं वर काढायला वेळ नाही. ते खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक खरं होतं, ते कळायला मला फार वेळ लागला. मिटिंगमध्ये बसलं की निदान काहीतरी निकाली निघतं. ठराव होतो, सही होते, फाइल पुढे जाते. टेबलावरचं प्रूफ मात्र चार महिने जिथल्या तिथे असतं आणि रोज सकाळी आपल्याकडे बघत असतं. नंतर नंतर मी मिटिंगा शोधायला लागले होते. तुमच्या नऊ वर्षांतली किती वर्षं इतरांनी घेतली आणि किती तुम्ही स्वतःहून देऊन टाकलीत, याचं उत्तर मला कळवू नका, पण एकदा मांडून पाहा. वडिलांच्या आजारपणाची वर्षं त्यात धरायची नाहीत. ती देणंच योग्य होतं.

आता "नुसता मास्तर". हा शब्दप्रयोग तुमच्या पत्रात तीनदा आलाय.

देवळालीत एक नुसते मास्तर होते. द. रा. कापरेकर. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं, पदव्युत्तर पदवीही नव्हती. ६१७४ या संख्येची गंमत त्यांना १९४९ साली सापडली: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. ३५२४ घेतलंत तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आपल्याकडच्या विद्यापीठांतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा नाकं मुरडली, "हे काय गणित आहे?" म्हणून. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या रंजक गणिताच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग आपल्याला ते आठवले. कापरेकरांचं काम फार खोल होतं, असा माझा दावा नाही. पण गणिती कोण आणि मास्तर कोण, ही रेघ आपण कुठे ओढतो आणि कुणाच्या भीतीने ओढतो, हे त्यांच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं.

मंगला नारळीकरांचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. साठच्या दशकात त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या. मग लग्न, केंब्रिजमधला संसार, तीन मुली. पीएच.डी. झाली १९८१ साली. तुमच्या नऊ वर्षांची तिथे काय कथा! पुढे त्यांनी विद्यापीठात शिकवलं, शाळेच्या पुस्तकांवर काम केलं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात "बहात्तर"च्या जोडीला "सत्तर दोन" आलं आणि सगळा महाराष्ट्र गणितज्ञ झाला, तेव्हा त्या समितीच्या अध्यक्ष म्हणून त्या शांतपणे उत्तरं देत होत्या. पद्धत पटो न पटो, सात वर्षांच्या मुलाला संख्या कळते कशी, याचा विचार संशोधन केलेल्या बाईंनी करणं हे काही खालच्या पायरीचं काम नव्हे.

म्हणजे संशोधन सोडा, असं मी सुचवत नाही. तुमचा सूर मला वेगळा ऐकू येतो: तुम्हाला शिकवण्याची लाज वाटत नाही, तुम्हाला गणिताची आठवण येते. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

तर पैसे भरून छापायचा पेपर. नको. नीतीची प्रवचनं तुम्ही स्वतः विद्यार्थ्यांना देत असाल, म्हणून मी व्यवहाराचंच सांगते. यूजीसीने २०१९ साली मान्य जर्नलांची केअर यादी आणली आणि २०२५ साली बंद केली. यादी आज असते, उद्या नसते, पण पेपर तुमच्या नावावर कायमचा राहतो. झेडबीमॅथ ओपन ही गणितातल्या पेपरांची ऑनलाइन सूची २०२१पासून सर्वांना मोफत खुली आहे. निवड समितीतला कुणीही तिथे तुमचं नाव टाकून आठ खरे पेपर पाहील आणि नववा, दहावा, अकरावा तिथे का नाहीत, हे विचारील. कदाचित विचारणार नाही, हे आणखी वाईट. गणितात पेपर मुळातच थोडे आणि उद्धरणं त्याहून थोडी, त्यामुळे आकडे फुगवणं सोपं जातं. म्हणूनच क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ साली सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच बाजूला काढला. आपल्या धंद्याची ही अवस्था आहे. त्यात आपली भर कशाला?

आणि बढतीचं गणितही एकदा करून पाहा. सातव्या वेतन आयोगात सहयोगी प्राध्यापकाचं मूळ वेतन १,३१,४०० रुपयांपासून सुरू होतं, प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. तुमच्या इतक्या वर्षांच्या वेतनवाढी धरल्या तर प्रत्यक्ष फरक किती पडतो, हे लेखा विभागातून काढून घ्या. पैसे क्षुल्लक असतात असं नाही, पण बऱ्याचदा बोचतो तो दारावरच्या पाटीतला "सहयोगी" हा शब्द. बोचू दे. दोन वर्षं उशिरा गेला तर काही बिघडत नाही.

दोन वर्षांत तीन खरे पेपर होतील का? जिथे अडलात तिथूनच सुरुवात केलीत, तर नाही. नऊ वर्षं पडलेली विहीर पहिल्याच दिवशी उपसायला घेतली की कमरेला झटका बसतो. आधी तुमचा स्वतःचा शेवटचा पेपर पेन्सिल घेऊन वाचा, जणू दुसऱ्याचा आहे असा. दोन दिवसांनी स्वतःचाच राग येईल: "यावरून स्पष्ट आहे की" असं जिथे लिहिलंय, तिथे काहीच स्पष्ट नसेल. ते स्पष्ट करता करता एखादी टिपणी निघते. ज्याच्याबरोबर पूर्वी काम केलंत त्याला मेल पाठवा, नऊ वर्षांबद्दल माफी न मागता. गणितात लोकांना अशा खंडांची सवय असते. अभ्यंकरांनी १९५७ साली मांडलेलं कंजेक्चर १९९४ साली रेनो आणि हार्बेटर यांनी सिद्ध केलं, सदतीस वर्षांनी. झेडबीमॅथसाठी परीक्षणं लिहायला तयार असल्याचं कळवलंत तर दर काही महिन्यांनी एक नवा पेपर वाचायची सक्ती होते, आणि सक्तीशिवाय आपण वाचत नाही हे आपल्यात राहू द्या. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत नीट लिहिलेला छोटा पेपरही मानाने छापला जातो. (ही सोसायटी १९०७ साली स्थापन करणारे रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. परिपत्रकं काढणारे!) मात्र बढतीसाठी नेमकं काय धरलं जातं, ते आयक्यूएसीकडून (विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाकडून) लेखी घ्या. तोंडी नको.

वेळेचं मला जे जमलं ते असं. आठवड्यातल्या दोन सकाळी, प्रत्येकी अडीच तास, विभागाच्या केबिनमध्ये नाही, तर ग्रंथालयात, जिथे शिपाई शोधत येणार नाही अशा कोपऱ्यात. वेळापत्रक तुम्हीच बनवता ना? मग त्यात "सेमिनार" म्हणून तो तास चक्क छापा. छापलेल्या तासाला आपल्याकडे मान असतो. उन्हाळ्यात पवईच्या नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सची शिबिरं असतात, तरुण संशोधकांसाठी आणि शिक्षकांसाठीही. तिथे तीन आठवडे विद्यार्थी होऊन बसा. पहिल्या आठवड्यात अपमान वाटतो, दुसऱ्यात गृहपाठ सुटायला लागतो.

आणि खराखुरा सेमिनार सुरू करा. गुरुवारी चार वाजता, फळा आणि खडू, पीपीटी नाही. तीन माणसं पुरतात. माझ्या सेमिनारला एक वर्ष दोनच येत आणि तिसरा कुलूप लावायला आलेला शिपाई असे, तो दाराशी उभा राहून मला "मॅडम, अजून एक फळा?" विचारायचा. तिथेच एका एम.एस्सी.च्या मुलाने स्वाध्यायातल्या उदाहरणावर एक साधी शंका विचारली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला रात्री झोप लागली नाही. आम्ही दोघांनी चार पानं लिहिली, पाठवली. आठ महिन्यांनी रेफरीचं उत्तर आलं: हे बरोबर आहे, पण माझ्या जन्माच्या सुमारास कुणीतरी करून ठेवलंय. पेपर गेला. त्या आठवड्यात मी विभागप्रमुखपद सोडायचा अर्ज दिला.

परीक्षा विभागाबद्दल फार लिहीत नाही. निकाल वेळेवर लावणारा, पेपरफुटी होऊ न देणारा माणूस विद्यापीठाला हवाच असतो, आणि गणितातली माणसं ते काम बरं करतात. तुम्हाला त्याची आवड असेल तर खुशाल घ्या, मनात अपराधी भाव न ठेवता. पण तिथे गेल्यावर नवं काय केलंत, असं कुणी विचारणार नाही, एवढ्याच कारणासाठी जाणार असाल तर वर लिहिलेल्या मिटिंगांचा परिच्छेद पुन्हा वाचा.

त्या मुलीला मात्र याच आठवड्यात बोलवा. तिला खरं सांगा, दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे सेट-नेट आणि पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी माणसं तुमच्याच विभागात असतील. तिची त्यांच्याशी गाठ घालून द्या. त्यांनी सांगितलेलं तुमच्या सांगण्यापेक्षा खरं असेल. घरून लग्नाचा दबाव आहे का, किती वर्षं ती पगाराशिवाय किंवा फेलोशिपवर काढू शकेल, हे विचारायला संकोच करू नका. आपण हे विचारत नाही आणि मग मुली तिसऱ्या वर्षी गळतात. सीएसआयआर-नेटची जेआरएफ आणि एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) फेलोशिप या दोन्ही परीक्षांना तिला बसवा. फेलोशिप मिळाली तर पाच वर्षांचा प्रश्न वेगळा होतो, नाही मिळाली तर तोही एक विदा (डेटा) आहे. तिच्यामागून येणाऱ्या पोरांना एमटीटीएसबद्दल आधीच सांगून ठेवा. कुमरेसन सरांनी १९९३ साली सुरू केलेल्या या उन्हाळी वर्गांतून लहान गावांतली कितीतरी मुलं गणितात आली. गणित घोकायचं नसतं, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळतं.

पण "करू का?" याचं उत्तर देऊ नका. त्याऐवजी तिला एक प्रश्न द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही असा, आणि गुरुवारी चारला बोलवा. तीन महिन्यांनी ती अजून येत असेल तर तिचं तिला कळलेलं असेल.

राहता राहिल्या त्या तीन ओळी. मी त्या खिडकीपाशी उजेडाला धरून वाचल्या. खोडताना तुम्ही फार जोर लावला नव्हता. पहिल्या दोन लागल्या. तिसरीत "जर रिंग नोएथेरियन नसेल तर" इथपर्यंत वाचता आलं, पुढे शाई पसरलीय. माझा विषय कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस, त्यामुळे पुढचं मला अंदाजाने भरता येईना. नसेल तर काय होतं, ते जरा मला कळेल अशा बेताने लिहून पाठवा.